आधी खालून, मग वरून

१

"लाज वाटायला हवी तुला! जो कुणी असशील तो!"

एवढं मोठ्यानं या ओढ्यावर कुणी कधी ओरडलं नव्हतं. एक खंड्या दचकून उडाला, जरा पुढं जाऊन बसला आणि तिच्याकडं पाठ फिरवून मोकळा झाला. ओढा होता तसाच राहिला. हिरवा, दाट, आळशी. पाण्यात पान पडलं, तर ते आता कुठं जावं याचा विचार करत बराच वेळ तिथंच फिरत राहायचं. दोन्ही काठांवरची वाळुंजाची झाडं एकमेकांकडं झुकलेली. त्यांच्या खालून कयाक वल्हवत जाताना आपण एखाद्या लांबलचक, थंड खोलीतून चाललोय असं वाटायचं.

ओरडणारी मात्र ओढ्याच्या अगदी उलट होती. तिला बाबांनी लहानपणीच घाईबाई नाव ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव फक्त कॉलेजच्या दाखल्यावर उरलं. कॉलेज संपल्यावर सगळ्यांनी नोकऱ्या धरल्या. हिनं ओढा धरला. पुलाजवळच्या पडक्या गोदामाचं होडीघर केलं, चार कयाक आणल्या, आणि लोकांना ओढ्यातून फिरवून आणायला लागली. होडीघराच्या दारावर तिनं स्वतः रंगवलेली पाटी होती : 'जिवंत फांदी तोडायची नाही. मान वाकवा.' झाडापुढं वाकल्यानं माणसाची उंची कमी होत नाही, असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सुनावायची. लोक हसायचे, पण वाकायचे.

आणि आता कुणीतरी फांद्या कापल्या होत्या. जिवंत. मनगटाएवढ्या जाड. एक नाही, दोन नाही, जिथवर नजर जाईल तिथवर. त्यातून तळपायाची आग मस्तकाला जावी अशी गोष्ट म्हणजे त्या फांद्या कुणाच्या वाटेत नव्हत्याच. पार वर होत्या. तिनं बसल्या जागेवरून वल्हं सरळ उंच धरून पाहिलं, तरी टोक कापलेल्या खुंटाला लागेना.

२

घाईबाईकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं, आणि उत्तर नसलं की राग असायचा. आज नुसताच राग होता.

कापलं कसं? कयाकमध्ये उभं राहून? उभा राहणारा पुढच्या क्षणी पाण्यात. शिडी लावून? तळाशी इतका मऊ चिखल की शिडी पायरीपायरीनं खाली गेली असती. काठावरून? काठावर काटेरी झुडपं गच्च, आणि त्यांतली एक काडी मोडलेली नव्हती. बरं, कापलेल्या फांद्या कुठं गेल्या? या ओढ्यात पडलेली काटकीसुद्धा आठवडाभर हलत नाही. पाण्यावर फक्त भुसा होता. पिवळा, ताजा, अजून न भिजलेला.

एका आडव्या वाळुंजाला तिनं कयाक बांधली आणि खोडावरून सरपटत वर गेली. काप जवळून पाहिला. पाहिला, आणि खोडाला धरलेले हात आपोआप घट्ट झाले.

फांदी आधी खालून थोडी चिरली होती, मग वरून पूर्ण कापली होती. म्हणजे साल ओरबाडून निघत नाही, आणि फांदी अचानक तुटून होडीवर कोसळत नाही. कापून झाल्यावर पांढऱ्या तोंडावर ओला चिखल चोळला होता. 'जखम उघडी ठेवू नये, बघणाऱ्यालाही दुखते,' असं म्हणत ही असली कामं करणारा एकच माणूस तिला माहीत होता. तिचे बाबा. त्यांनी होड्या बांधण्यात हयात घालवली होती.

चिखलाला तिनं बोट लावलं. ओला होता.

ती कयाकमध्ये परतली आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला निघाली. बाबांचं घर तिकडंच होतं. पुढं आंधळं वळण आलं तशी ती सवयीनं थांबली. ओळीनं कयाक चालल्या की पहिल्यानं वळणापलीकडं जायचं, रस्ता मोकळा असेल तर वल्हं उभं धरायचं, ते पानांवरून दिसलं की मगच मागच्यांनी निघायचं. बाबांचाच नियम. आज पुढं कुणी नव्हतं, तरी ती थांबली. स्वतःवरच हसली.

तेव्हा तिला करवत ऐकू आली.

खर्र, खर्र, खर्र. थोडीशी. मग थांबली. मग लांब, सावकाश, खर्रर्र, खर्रर्र. आधी खालून, मग वरून. ती श्वास धरून फांदी पडायची वाट बघत राहिली. पाण्यावर धप्प आवाज व्हायलाच हवा होता.

झाला नाही. करवत थांबली आणि फांदी पडलीच नाही.

तिनं जीव खाऊन वल्हं मारलं. वळणापलीकडं रिकामं पाणी होतं, त्यावर घिरट्या घालणारा एक चतुर, आणि हळूहळू पांगणारा भुसा.

३

भीती वाटली की माणसं पळतात. घाईबाई कामाला लागायची.

वळणाच्या पुढं ओढा सगळ्यात अरुंद होतो. दोन्हीकडच्या झाडांची डोकी एकमेकांत गुंतलेली, म्हणून त्या जागेला सगळे बोगदा म्हणायचे. तिथंही वर काप होतेच. तिनं हिशोब मांडला : जो कुणी येतो तो कशावर तरी चढून, त्या उंचीवरून येतो. तर मग त्या उंचीवरच त्याला अडवायचं.

सीटखालून तिनं होड्या बांधायचा जाड दोर काढला. झाडावर चढली, या खोडापासून त्या खोडापर्यंत दोर आडवा ताणला, आणि बाबांनी शिकवलेली गाठ मारली. ओली झाली की आणखी आवळते ती. मधोमध एक फळकूट लटकवलं आणि खडूनं लिहिलं : 'इथून पुढे येऊ नये.'

खाली बसून तिनं वर पाहिलं. दोर डोक्याच्या कितीतरी वर होता. तिच्या लोकांना त्याचा काही त्रास नव्हता. फळकूट वारा नसताना जरासं हललं.

"आता ये म्हणावं," ती पुटपुटली.

४

बाबांचं घर म्हणजे ओढ्याकाठी लाकडी खांबांवर उभी असलेली एकच मोठी खोली. अर्ध्या खोलीत संसार, अर्ध्या खोलीत कामाचं बाक, आणि दोन्हीकडं सारखाच लाकडाचा भुगा. दीड वर्षापूर्वीच्या दुखण्यात त्यांचा उजवा हात गेला. म्हणजे होता जागेवर, पण पाहुण्यासारखा. काही कामाचा नाही. त्या दिवसापासून त्यांनी होडीत पाय ठेवला नव्हता.

ती आली तेव्हा ते डाव्या हातानं रंधा मारत होते. बाकावर एक अर्धवट वल्हं होतं. त्याच्या पात्यात लाकडाची काळी गाठ होती, डोळ्यासारखी.

"आज पण दोघांचीच होडी आणलीस?" खिडकीतून पाहत ते म्हणाले. "रोज पुढची सीट रिकामी आणायची आणि रिकामी न्यायची. तिला बिचारीला काय वाटत असेल!"

"मग बसा की तिच्यात."

"हात नसलेला माणूस होडीत म्हणजे ओझं. मी ओझं व्हायला जन्माला आलेलो नाही."

"बाबा, तो विषय राहू दे. तुम्ही ओढ्यावर जाता का? मला न सांगता?"

"हो, जातो ना. रोज पोहत जातो."

"चेष्टा नकोय!" तिनं सगळं सांगितलं. काप, चिखल, करवत. फोनवरचे फोटो दाखवले. बाबांनी चष्मा पुसला आणि एकेक फोटो मोठा करून पाहिला. चेष्टा हळूहळू चेहऱ्यावरून उतरली.

"हे माझं नाही," ते म्हणाले. "पण शिकवलेलं माझंच दिसतंय."

"तुम्ही कुणाकुणाला शिकवलंत?"

"एकीलाच. तीसुद्धा ऐकायची नाही." त्यांनी फोटोवर बोट टेकवलं. "चिखल बघ कसा फिरवलाय. डावखुऱ्या माणसाचं काम आहे हे."

घाईबाईनं नकळत आपला डावा हात पाठीमागं नेला. "मी जिवंत फांदी कापेन? मी?"

"तू नाही कापणार. म्हणून तर विचार करतोय." त्यांनी फोटोतल्या पाण्यापासून कापापर्यंतचं अंतर बोटानं मोजलं. "एवढ्या उंचावर कापायचं म्हणजे पाणी पुरुषभर तरी चढलेलं हवं. बसल्या बसल्या हात पोचेल असं."

"पाणी चढलंच नाही की. ओढा बघा, झोपलाय नुसता."

दोघांनी एकदमच खिडकीबाहेर पाहिलं.

बाहेर स्वच्छ ऊन होतं. पण धक्क्याच्या खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. आणि पाणी हिरवं राहिलं नव्हतं.

५

वर डोंगरात कालपासून पाऊस कोसळत होता, हे त्यांना नंतर कळलं. इथं एक थेंब नव्हता. उन्हात चमकत, आवाज न करता तपकिरी पाणी वर येत होतं. तिनं फोन लावला, तर लागेना. मागच्या दारातून पाहिलं, तर रस्त्याच्या जागी कुंपणाच्या खांबांची टोकं. थोड्या वेळानं जमिनीच्या फळ्यांमधून पाणी वर आलं आणि भुगा तरंगायला लागला. खोलीखालचा एक खांब कण्हला. मग दुसरा.

"होडीत बसा," ती म्हणाली.

"पाणी चढलं की ओढ्यावर उतरायचं नाही. नियम कुणाचा?"

"तुमचा."

"का केला होता?"

तिला तोंडपाठ होतं. येणाऱ्या प्रत्येकाला ती हसत हसत सांगायची. एरवी डोक्यावर असलेल्या फांद्या पुराच्या वेळी तोंडासमोर येतात. पाणी त्यांच्यातून निघून जातं, माणूस जात नाही. गाळणीत चहाची पूड राहते तसा राहतो.

"खांब गेले की आपण इथंच राहू," ती म्हणाली. "बाबा, एकदा तरी घाई करा हो!"

बाबांनी बाकाकडं पाहिलं, खोलीकडं पाहिलं. मग ते अर्धवट वल्हं काखेत मारलं आणि म्हणाले, "पुढं बसून करू काय मी?"

"बघा. मागून मला काही दिसत नाही. तुम्ही डोळे, मी हात."

दीड वर्ष रिकाम्या राहिलेल्या सीटवर तिचे बाबा बसले. कयाक पुढून खाली दबली. तशी दबायला हवीच होती, हे तिला हातांतच जाणवलं. एवढ्या भीतीतही तिला बरं वाटलं.

६

आळशी ओढा ओळखू येत नव्हता. तो आवाज न करता पळत होता, आणि त्यांना घेऊन पळत होता. झाडांचे बुंधे बुडाले होते. सगळीकडं नुसत्या फांद्या, तोंडासमोर, छातीसमोर, पाण्यात शेंडे बुडवून थरथरणाऱ्या. हीच ती गाळणी.

"डावीकडं!" बाबा ओरडले. "अजून! आता सरळ!"

आणि मधोमध वाट होती.

एका कयाकपुरती, जराही जास्त नाही. दोन्ही बाजूंनी कापलेली टोकं तिच्या खांद्याला लागतील न लागतील अशी मागं जात होती. प्रत्येक टोकावर चिखल. बसल्या माणसाचा हात जिथं पोचतो, बरोबर तिथंच काप. सकाळी तिनं ज्याला शिव्या घातल्या होत्या त्यानं सकाळच्या पाण्यासाठी काही कापलंच नव्हतं.

याला काहीतरी साधं उत्तर असणार, असं ती मनाला बजावत होती. असणारच. आणि मग तिला बोगदा आठवला.

"बाबा!" ती किंचाळली. "पुढं दोर आहे. आडवा. मी बांधलाय."

ते ओरडले नाहीत. "किती उंच?"

"आता... गळ्याएवढा."

"गाठ?"

"तुमचीच."

तिनं उलटं वल्हं मारलं. कयाक थांबली नाही, आडवी व्हायला लागली. आडवी म्हणजे उलटी. "सरळ ठेव!" बाबांनी बजावलं आणि निकामी हात चांगल्या हातानं उचलून गळ्यासमोर आडवा धरला. दोर आधी त्यांना लागणार होता. ते तिला मागून स्पष्ट दिसलं. त्या हाताचा त्यांनी शोधून शोधून एवढाच उपयोग काढला होता.

तेवढ्यात पुढून आवाज आला. पाण्याच्या वर, अगदी स्पष्ट.

खर्र, खर्र. थांबला. मग लांब, सावकाश. खर्रर्र.

कयाक बोगद्यात शिरली. अंधारलं. फळकूट कुठंतरी खोडावर आपटत होतं, टक, टक. तिनं डोळे मिटले नाहीत, त्यामुळं पाहिलं. दोर मधोमध कापलेला. दोन्ही टोकं पाण्यावर लोंबणारी. आणि दोराच्या तुटक्या टोकाला चिखल चोळलेला. दोराला! दोराला कोण चिखल चोळतं?

"बाबा, कोण आहे पुढं?"

बाबा ताठ बसून समोर बघत होते.

बोगद्याच्या तोंडाशी ओढा वळतो. तिथं, पानांच्या वर, एक वल्हं उभं राहिलं. सरळ, न हलता. रस्ता मोकळा आहे. ते धरणारा हात तिला मनगटापर्यंत दिसला. डावा. सुरकुतलेला, ओला, खंबीर. वल्हं जुनं होतं, कडा झिजून पातळ झालेल्या, आणि पात्यात एक काळी गाठ होती.

डोळ्यासारखी.

तिनं खाली पाहिलं. बाबांच्या मांडीवर ते वल्हं होतं. कोरं, पॉलिश नसलेलं, अर्धवट.

वर पाहिलं तेव्हा पानांवर काही नव्हतं.

"वल्हव," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. "मोकळं आहे म्हणतेय ना ती. वल्हव."

७

पुलाखाली जागाच उरली नव्हती. पाणी पुलाच्या पोटाला चाटत होतं. कयाक तिथं गेली असती तर पिचली असती. पण पुलाच्या अलीकडं पाण्यावर एक दोर तरंगत होता, त्याच्या टोकाला टायरची ट्यूब, आणि दुसरं टोक काठावरच्या पिवळ्या व्हॅनला बांधलेलं. शाळेची मुलं ने-आण करणारे व्हॅनवाले काका काठावर उभे राहून दोन्ही हात हलवत होते. बाबांनी डावा हात लांब केला आणि ट्यूब पकडली. एका हातानं. सोडली नाही.

बाहेर आल्यावर तिघंही चिखलात बसून राहिले. काकांनी गाडीतल्या सीटची कव्हरं काढून त्यांच्या अंगावर टाकली. घाईबाईचे दात वाजत होते.

"बाबा, तुम्हाला चेहरा दिसला ना? कोण होती?"

बाबा तिच्याकडं बघत बसले. कपाळ, डोळे, भिजून चिकटलेले काळेभोर केस. माप घेताना लाकडाकडं बघावं तसे. मग त्यांनी चांगल्या हातानं तिचे केस मागं सारले.

"तब्येत चांगली ठेवलीय," एवढंच म्हणाले. मग मांडीवरचं वल्हं उचलून त्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. "हे पुरं करायला घेतो उद्यापासून. डाव्या हातानं वेळ लागेल. तू घाई करायची नाहीस."

"नाही करणार," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. मग हसूही आलं. शेवटी नाक पुसून ती काकांकडं वळली. "काका, तुम्हाला कळलं कसं? दोर टाकून तयारच होतात की."

"मला कुठलं कळतंय!" काका दोर गुंडाळत होते. "तुमच्या पुढं त्या आजीबाई नाही का आल्या होडीतून? त्यांच्यासाठीच टाकायला धावलो, तर म्हणाल्या, 'माझं राहू दे, मागं बापलेक येतायत, त्यांना घ्या.' मी म्हटलं, अहो आजी, आधी तुम्ही तर या वर! तर हसल्या नि काठच्या वेताच्या बेटाकडं वळल्या. म्हणाल्या, 'मला तुम्ही मागेच काढलंयत.' आता मला सांगा, मी तर जन्मात आज पहिल्यांदा कुणाला पाण्यातून काढतोय."